गाडीच्या इनटेकमधील उष्णता: साहित्य कसे ओळखावे, तापमान कसे मोजावे आणि बदल कुठे करावा

बॉनेट उघडल्यावर दिसणारा, इंजिनाला हवा पुरवणारा काळा प्लास्टिकचा इनटेक पाइप काढून त्या जागी ॲल्युमिनियमचा पाइप बसवावा की नाही, यावर गाडीची हौस असणाऱ्यांमध्ये नेहमी वाद होतो. प्लास्टिकच्या बाजूने बोलणारे वाहकतेचे आकडे पुढे करतात. ॲल्युमिनियम प्लास्टिकच्या आठशे पट सहजपणे उष्णता वाहून नेते, म्हणून धातूचा पाइप बसवणे म्हणजे इंजिनाला गरम हवा पाजणे, असे त्यांचे म्हणणे असते. आकडे बरोबर आहेत, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष बहुतेक वेळा चुकतो. हवा आत शिरते तिथपासून सिलिंडरच्या तोंडापर्यंतच्या वाटेवर साहित्याची वाहकता एका ठिकाणी फार महत्त्वाची असते आणि बाकीच्या ठिकाणी तिचा प्रभाव जवळजवळ जाणवत नाही. ते ठिकाण कोणते, उष्णता कुठून शिरते हे कसे शोधायचे आणि शोधल्यावर पैसे कुठे खर्च करायचे, हे पुढे क्रमाने मांडले आहे. उदाहरणासाठी १.२ लिटरची, टर्बो नसलेली पेट्रोल गाडी घेतली आहे, कारण आपल्याकडे घरोघरी अशाच गाड्या आहेत. टर्बोच्या गाड्यांचे नियम काही बाबतींत उलटे असल्यामुळे त्यांचा विचार वेगळा केला आहे.

हवा तापल्याने नेमके काय बिघडते

हवेची घनता तिच्या निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. विदर्भात मे महिन्यात बाहेर ४० अंश सेल्सिअस तापमान असताना, म्हणजे ३१३ केल्विनला, इंजिनाने जी हवा घेतली असती तिच्याऐवजी बॉनेटखालची ७० अंशांची, म्हणजे ३४३ केल्विनची हवा घेतली, तर तेवढ्याच आकारमानात सुमारे ९ टक्के कमी हवा आत जाते. ताकद मात्र त्याच प्रमाणात कमी होत नाही. इंजिनाची शक्ती मोजताना वापरल्या जाणाऱ्या आयएसओ १५८५ या मानकात पेट्रोल इंजिनासाठी तापमानाच्या गुणोत्तराचा घातांक १ नसून ०.६ धरलेला आहे. त्या हिशेबाने वरच्या उदाहरणातील घट ५ टक्क्यांच्या आसपास येते. त्यात नॉकिंगची भर पडते. आत येणारी हवा गरम असली की इंधन-हवेचे मिश्रण वेळेआधी पेटण्याची शक्यता वाढते आणि ते टाळण्यासाठी इंजिनाचा संगणक ठिणगी उशिरा टाकतो, त्यामुळे ताकद आणखी थोडी जाते.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी, कारण विक्रेते ती सांगत नाहीत. सपाट रस्त्यावर ५०-६० च्या वेगाने जाताना थ्रॉटल, म्हणजे इंजिनात किती हवा जावी हे ठरवणारा पडदा, अर्धवटच उघडलेला असतो. हवा पातळ झाली तर चालकाचा पाय नकळत थोडा अधिक दाबला जातो आणि गाडी तशीच चालत राहते. गरम हवेचा खरा तोटा घाट चढताना, भरलेल्या गाडीने ओव्हरटेक करताना आणि सिग्नलवर दहा मिनिटे तापल्यानंतर एकदम निघताना जाणवतो. मायलेज वाढेल या आशेने इनटेकवर खर्च करू नये.

पहिली पायरी: हवेची वाट आणि प्रत्येक भागाचे साहित्य पाहून घेणे

इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडावे आणि हवा जिथून आत शिरते ते तोंड आधी शोधावे. बहुतेक गाड्यांमध्ये ते रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर, हेडलाइटच्या मागे किंवा फेंडरच्या पोकळीत असते. तिथून हवा एअर फिल्टरच्या डब्यात, डब्यातून रबरी घड्यांच्या बेलोमधून थ्रॉटल बॉडीकडे आणि पुढे हवा प्रत्येक सिलिंडरकडे वाटणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या फाट्यांमधून सिलिंडर हेडमध्ये जाते. तोंडापासून हेडपर्यंत बोट फिरवत जावे आणि प्रत्येक भाग कशाला टेकला आहे, कशाजवळून गेला आहे आणि कोणत्या बोल्टने कशावर आवळला आहे, याची नोंद करावी. पुढच्या सगळ्या पायऱ्यांत हीच नोंद उपयोगी पडते.

साहित्य अंदाजाने ठरवण्याची गरज नसते. प्लास्टिकच्या भागावर, बहुधा आतल्या किंवा खालच्या बाजूला, दोन कोनी कंसांमध्ये साहित्याचे लघुनाम उठावदार अक्षरांत साच्यातूनच आलेले असते. आयएसओ ११४६९ या मानकानुसार ही खूण करतात. टॉर्च तिरपा धरून पाहिले की अक्षरे स्पष्ट दिसतात. फिल्टरच्या डब्यावर बहुधा पीपी आणि टी किंवा टीडी २० असे आढळते, म्हणजे २० टक्के टाल्क मिसळलेले पॉलिप्रॉपिलिन. मॅनिफोल्डवर पीए६६-जीएफ३० किंवा पीए६-जीएफ३० असते, म्हणजे ३० टक्के काचतंतू घातलेले नायलॉन. बेलोवर ईपीडीएम असेल तर ते कृत्रिम रबर आहे.

या साहित्यांची वाहकता वॅट प्रति मीटर-केल्विन या एककात अशी आहे: इनटेक पाइपसाठी वापरले जाणारे ६०६१ जातीचे ॲल्युमिनियम सुमारे १६७, ओतीव ॲल्युमिनियम १५० च्या आसपास, साधे पोलाद ५०, ३०४ जातीचे स्टेनलेस स्टील केवळ १६, काचतंतूयुक्त नायलॉन सुमारे ०.३, पॉलिप्रॉपिलिन, एबीएस, ईपीडीएम आणि सिलिकॉन रबर ही सगळी ०.२ च्या आगेमागे, आणि स्थिर हवा ०.०२६. कार्बन फायबरच्या पाइपला एकच आकडा लावता येत नाही. धाग्यांच्या दिशेने तो अनेक पट अधिक वाहक असतो, तर जाडीच्या दिशेने, जी इथे महत्त्वाची आहे, त्याची वाहकता साधारण प्लास्टिकच्याच वर्गातली असते. या यादीत सर्वांत कमी वाहक पदार्थ हवाच आहे, हे लक्षात ठेवावे.

दुसरी पायरी: काही बदलण्याआधी मोजणे

इंजिनात आत येणाऱ्या हवेचे तापमान मोजणारा सेन्सर आधीच बसवलेला असतो. स्टीअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे गाडीच्या संगणकातील आकडे वाचण्याच्या सॉकेटमध्ये, ब्लूटूथ ॲडाप्टर लावला आणि मोबाइलवर त्याचे ॲप उघडले की इनटेक एअर टेम्परेचर या नावाने ते तापमान दिसते. त्यासोबत कूलंटचे तापमान आणि, गाडीत सोय असल्यास, बाहेरच्या हवेचे तापमानही नोंदवावे. नसल्यास सावलीत टांगलेला साधा थर्मामीटर पुरतो.

सेन्सर विश्वासार्ह आहे की नाही, हे पाहण्याची सोपी रीत आहे. गाडी रात्रभर उभी ठेवावी आणि पहाटे इंजिन सुरू न करता केवळ इग्निशन चालू करून तिन्ही आकडे पाहावेत. इनटेक, कूलंट आणि बाहेरची हवा यांत दोन-तीन अंशांहून अधिक फरक असेल तर आधी सेन्सरची तपासणी करावी, कारण चुकीच्या सेन्सरवर आधारलेली पुढची सर्व मोजमापे वाया जातात.

त्यानंतर तीन स्थितींमध्ये नोंद घ्यावी. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर स्थिर ६० च्या वेगाने दहा मिनिटे, मग एसी चालू ठेवून जागेवर दहा मिनिटे, मग इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा सुरू केल्यावर पहिली पाच मिनिटे. मोबाइलकडे पाहण्याचे काम शेजारी बसलेल्याने करावे. प्रत्येक वेळी निव्वळ तापमान न लिहिता ते बाहेरच्या हवेपेक्षा किती अंशांनी अधिक आहे ते लिहावे, नाहीतर सकाळची आणि दुपारची नोंद यांची तुलना करता येत नाही. चालत्या गाडीत हा फरक साधारण पाच ते दहा अंश आणि जागेवर वीस ते तीस अंश असतो. चालत्या गाडीतही वीस अंशांचा फरक राहत असेल तर कुठेतरी गरम हवा थेट आत शिरते आहे, असे समजावे.

तिसऱ्या नोंदीचा अर्थ लावताना सावध राहावे. इंजिन बंद केल्यावर पंखा थांबतो, वाहती हवा थांबते आणि तापलेले सिलिंडर हेड व एक्झॉस्ट यांची उष्णता बॉनेटखालच्या प्रत्येक वस्तूत मुरत जाते. सेन्सरही तापतो. पुन्हा सुरू केल्यावर पहिला मिनिटभर दिसणारा आकडा आत जाणाऱ्या हवेइतकाच सेन्सरच्या स्वतःच्या तापलेल्या अंगाचा असतो.

भागांच्या पृष्ठभागाचे तापमान पाहण्यासाठी पिस्तुलासारखा इन्फ्रारेड थर्मामीटर वापरतात. चकचकीत ॲल्युमिनियमवर तो खोटा आकडा दाखवतो, कारण अशा पृष्ठभागाची उत्सर्जकता, म्हणजे उष्णता किरणांच्या रूपात बाहेर फेकण्याची क्षमता, ०.१ किंवा त्याहूनही कमी असते, तर उपकरण ती ०.९५ धरून चाललेले असते. पाइप ७५ अंशांचा असूनही पडद्यावर ४५ येऊ शकतो. म्हणून धातूवर काळ्या इलेक्ट्रिकल टेपचा एक तुकडा घट्ट चिकटवावा, टेप पाइपच्या तापमानाला येऊ द्यावी आणि जवळून तिच्यावरच नेम धरून मोजावे.

हाताने चाचपून निष्कर्ष तर कधीच काढू नये. धातूच्या पाइपची बदनामी मुख्यतः हातानेच केली आहे. ७५ अंशांच्या ॲल्युमिनियमला बोट लावले तर स्पर्शाच्या जागी त्वचेचे तापमान क्षणात ७२ अंशांच्या आसपास जाते, कारण धातू आतून उष्णता भराभर पुरवत राहतो. तितक्याच तापलेल्या प्लास्टिकला बोट लावले तर ते ५० अंशांच्या आसपासच थांबते. दोन्ही पाइप सारखेच तापलेले असतात, मात्र हात मागे घेतला जातो तो एकाच पाइपवरून.

तिसरी पायरी: पाइपच्या भिंतीचा हिशेब

६० मिलिमीटर आतील व्यासाचा, अर्धा मीटर लांबीचा पाइप घेऊ. बॉनेटखाली ८० अंश आणि पाइपमध्ये शिरणारी हवा ४० अंश आहे. खंबाटकी घाट चढताना ३००० आरपीएमवर थ्रॉटल जवळजवळ पूर्ण उघडा असेल, तर आपले १.२ लिटरचे इंजिन सेकंदाला सुमारे २७ ग्रॅम हवा ओढते. ही हवा पाइपमधून सेकंदाला साडेआठ मीटर वेगाने जाते, म्हणजे पाइपमध्ये तिचा मुक्काम सेकंदाच्या सतराव्या भागाइतकाच असतो.

बाहेरची उष्णता या हवेपर्यंत पोचण्यासाठी तीन अडथळे ओलांडते: पाइपला बाहेरून चिकटलेला हवेचा पातळ स्तर, पाइपची भिंत आणि आतून चिकटलेला हवेचा स्तर. अडथळ्याचे माप चौरस मीटर-केल्विन प्रति वॅटमध्ये काढले तर बाहेरच्या स्तराचा रोध ०.०६७ च्या आसपास येतो आणि आतल्या स्तराचा ०.०२९. दोन मिलिमीटर ॲल्युमिनियमचा रोध ०.००००१२ आहे, म्हणजे नसल्यासारखाच. तीन मिलिमीटर पॉलिप्रॉपिलिनचा रोध ०.०१५ आहे. तो ॲल्युमिनियमच्या हजारपटीहून अधिक असला तरी एकूण बेरजेत त्याचा वाटा सातव्या हिश्शाइतकाच आहे. ॲल्युमिनियमच्या पाइपची एकूण बेरीज ०.०९६ होते आणि प्लास्टिकच्या पाइपची ०.१११. त्यावरून ॲल्युमिनियमच्या पाइपमधून हवेला सुमारे ४० वॅट उष्णता मिळते, प्लास्टिकच्या पाइपमधून ३४ वॅट. सेकंदाला २७ ग्रॅम हवेचे तापमान यामुळे अनुक्रमे १.५ आणि १.३ अंशांनी वाढते.

आठशे पटींच्या फरकातून पदरात पडलेला फरक ०.२ अंशाचा आहे. कारण उष्णतेच्या वाटेत खरा अडसर भिंतीचा नसून दोन्ही बाजूंच्या हवेचा आहे. गाडी जागेवर उभी असताना इंजिन सेकंदाला तीन ग्रॅमहूनही कमी हवा घेते, त्यामुळे पाइपमध्ये हवा पाचेक अंशांनी तापते. पण त्या वेळी आतील स्तराचा रोध इतका वाढलेला असतो की भिंतीचा वाटा आणखीच घटतो. म्हणजे सिग्नलवर पाइपमधील हवा अधिक तापते हे खरे असले, तरी पाइपचे साहित्य बदलून तो प्रश्न सुटत नाही.

पृष्ठभागाचा परिणाम मात्र साहित्यापेक्षा अधिक आहे, आणि तो अनेकांच्या समजुतीच्या उलट दिशेला जातो. काळ्या प्लास्टिकची किंवा काळ्या पावडर कोटिंगची उत्सर्जकता ०.९ च्या घरात असते. असा पृष्ठभाग आजूबाजूच्या तापलेल्या भागांचे प्रारण, म्हणजे किरणांच्या रूपात येणारी उष्णता, जवळजवळ पूर्ण शोषून घेतो. पॉलिश केलेले ॲल्युमिनियम त्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक परत फेकते. बॉनेटखालची हवा संथ असेल तर चकचकीत ॲल्युमिनियमचा पाइप काळ्या प्लास्टिकच्या पाइपपेक्षा कमी उष्णता घेतो. तोच पाइप सुंदर दिसावा म्हणून काळा रंगवला की हा फायदा संपतो. ॲनोडायझिंग केलेला पृष्ठभागही, दिसायला धातूसारखा असला तरी, प्रारणाच्या बाबतीत जवळजवळ काळ्यासारखाच वागतो.

उभ्या गाडीत उष्णता मुरण्याबाबतही असाच एक गैरसमज आहे. वर सांगितलेल्या पाइपसाठी ॲल्युमिनियमचे वजन अर्धा किलोच्या आसपास भरते, आणि ॲल्युमिनियमची विशिष्ट उष्णता किलोला अंशामागे ९०० ज्यूल आहे. प्लास्टिकचा पाइप वजनाला हलका असला तरी त्याची विशिष्ट उष्णता दीडपटीहून अधिक असल्याने दोन्ही पाइप साधारण सारखीच उष्णता साठवतात. फरक वेगात आहे. ॲल्युमिनियमच्या भिंतीतून तापमानाचा बदल सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळात पार होतो, तर प्लास्टिकच्या भिंतीतून पार व्हायला मिनिटभर लागते. धातू लवकर तापतो आणि गाडी निघाल्यावर लवकर निवतो, प्लास्टिक दोन्ही बाबतींत संथ आहे.

चौथी पायरी: जिथे वाहकता खरोखर महत्त्वाची आहे ते ठिकाण

इनटेक मॅनिफोल्ड ९० अंशांच्या सिलिंडर हेडवर बोल्टने आवळलेला असतो. इथे उष्णतेला हवेच्या स्तरातून बाहेरून आत यावे लागत नाही. ती हेडमधून फ्लँजमध्ये, म्हणजे मॅनिफोल्डच्या हेडला टेकणाऱ्या सपाट कडेत, आणि फ्लँजमधून फाट्याच्या भिंतीतून लांबीच्या दिशेने सरळ चालत जाते, आणि या वाटेवर भिंतीच्या साहित्याशिवाय तिला अडवणारे काही नसते.

४० मिलिमीटर व्यासाचा, चार मिलिमीटर जाडीचा आणि २० सेंटिमीटर लांबीचा ओतीव ॲल्युमिनियमचा फाटा घेतला, तर तो हेडकडून ओढलेली सुमारे ४० वॅट उष्णता आतल्या हवेला देतो. चार फाट्यांचे १६० वॅट होतात आणि त्यामुळे हवेचे तापमान सुमारे सहा अंशांनी वाढते. तशाच मापाचा, तीन मिलिमीटर जाडीचा काचतंतूयुक्त नायलॉनचा फाटा दीड-दोन वॅटच देतो आणि चारही मिळून हवा पाव अंशाने तापते. नायलॉनमध्ये हेडची उष्णता फ्लँजपासून दोन सेंटिमीटरच्या आतच विरून जाते, तर ॲल्युमिनियममध्ये फाट्याचे दुसरे टोकही तिला दूर नसते. १९९० च्या दशकापासून गाड्यांमध्ये प्लास्टिकचे मॅनिफोल्ड रूढ झाले. त्यामागे कमी वजन, कमी खर्च आणि आतून गुळगुळीत भिंत ही कारणे होतीच, पण थंड हवेचा हा लाभही त्यांत मोठा आहे.

कार्ब्युरेटरच्या काळातील अभियंत्यांना हे पक्के ठाऊक होते. जुन्या गाड्यांमध्ये आणि मोटारसायकलींमध्ये कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये बॅकेलाइटची जाड चकती बसवलेली असते, ती याच वाटेवरचा अडसर म्हणून. जुनी गाडी जतन करणाऱ्यांनी ती चकती तडकली म्हणून काढून टाकून नुसत्या कागदी गॅस्केटवर भागवू नये. कार्ब्युरेटरमधले पेट्रोल उकळून गरम इंजिन पुन्हा सुरू न होण्याचा त्रास अनेकदा तिथूनच सुरू होतो.

तेव्हा आपल्या गाडीचा मॅनिफोल्ड प्लास्टिकचा आहे हे पहिल्या पायरीतच दिसले असेल, तर साहित्याच्या बाबतीत मिळण्यासारखे जवळजवळ सर्व काही कारखान्यातच मिळालेले आहे.

पाचवी पायरी: उपाय, कोणता आधी आणि कोणता नंतर

सर्वांत आधी हवेचे तोंड पाहावे. तोंडाकडची नळी निखळलेली, फिल्टरच्या डब्याचे झाकण एका क्लिपवर लोंबकळणारे किंवा सर्व्हिसिंगनंतर डब्याची सील वाकडी बसलेली, अशा साध्या दोषांमुळे बॉनेटखालची हवा थेट आत येते. क्लिपा बसवायला आणि नळी जागेवर दाबायला काही खर्च नाही, आणि अनेक गाड्यांमध्ये एवढ्यावरच काम संपते. रेडिएटरच्या कडेची रबरी किंवा फोमची पट्टी निघालेली असेल तर पंख्याने मागे टाकलेली गरम हवा वळसा घेऊन पुन्हा पुढे येते, म्हणून तीही बसवून घ्यावी.

मूळ डबा काढून बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर लावणे हा या दृष्टीने सर्वांत वाईट बदल आहे. पाइपच्या साहित्याने ०.२ अंश वाचवायचे आणि उघड्या फिल्टरने तीस अंश जास्त तापलेली हवा आत घ्यायची, असा तो व्यवहार होतो. गाडी वेगात असताना हा तोटा कमी होतो, पण शहरात गाडी वेगात असतेच किती? असा फिल्टर बसलेलाच असेल तर त्याला चहूबाजूंनी पत्र्याची पेटी करावी आणि पेटीचे तोंड बाहेरच्या थंड हवेकडे न्यावे.

थंड हवेच्या मागे लागून तोंड बंपरच्या तळाशी उतरवणे मुंबई, ठाणे किंवा कोकणात कोणीही करू नये. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून जाताना खालच्या तोंडातून पाणी सिलिंडरमध्ये गेले, तर पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावे लागते. दोन-तीन अंशांच्या लाभासाठी हा धोका पत्करण्यात शहाणपणा नाही.

दुसरा उपाय एक्झॉस्टपासूनच्या प्रारणाचा. प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. ३०० अंशांचा काळा पृष्ठभाग चौरस मीटरला सुमारे ६ किलोवॅट फेकतो, तर ५०० अंशांचा २० किलोवॅट. इनटेकचा कोणताही भाग एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या समोर उघडा असेल तर मध्ये एक मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या पत्र्याची ढाल बसवावी. ढाल कोणत्याही भागाला चिकटता कामा नये. दोन्ही बाजूंना किमान दहा-पंधरा मिलिमीटर मोकळी जागा ठेवावी, म्हणजे तिथून हवा वाहत राहते. पत्रा चकचकीत ठेवावा, रंगवू नये. कारखान्याने दिलेली ढाल गंजून खडखडते म्हणून गॅरेजमध्ये काढून टाकली जाते, ती पुन्हा मागून घेऊन बसवावी.

तिसरा उपाय पाइपवर आवरण चढवण्याचा. एसीच्या तांब्याच्या पाइपवर असते ते काळे, बंद छिद्रांचे नायट्राइल फोम पाच मिलिमीटर जाडीचे घेतले तर त्याचा रोध ०.१३ च्या वर जातो, म्हणजे उघड्या पाइपच्या एकूण रोधापेक्षाही अधिक. त्यामुळे पाइपमधून शिरणारी उष्णता निम्म्याहून कमी होते. पण मुळात ती दीड अंशाचीच होती, हे विसरू नये. उभ्या गाडीत मात्र पाच अंशांपैकी दीडेक अंश वाचतो. हे फोम साधारण शंभर अंशांपर्यंतच टिकते, म्हणून एक्झॉस्टच्या आसपास ते वापरू नये. तिथे ॲल्युमिनियमचा मुलामा असलेले काचतंतूचे कापड योग्य. आवरण थ्रॉटलच्या हलणाऱ्या भागांत, पंख्यात किंवा बेल्टमध्ये अडकणार नाही याची खात्री करून घ्यावी.

चौथा उपाय केवळ ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड असलेल्या गाड्यांसाठी आहे: हेड आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये पाच-सहा मिलिमीटरचा फिनॉलिकचा, म्हणजे बॅकेलाइटच्या जातीच्या प्लास्टिकचा, स्पेसर. हिशेबाने तो फाट्यात जाणारी उष्णता दहाव्या हिश्शापर्यंत आणू शकतो, पण बोल्ट ती आडवाटेने पोचवतात. एका साध्या आठ मिलिमीटरच्या पोलादी बोल्टमधून जवळजवळ तेवढीच उष्णता जाते जेवढी एका पोर्टच्या स्पेसरमधून जाते. म्हणून बोल्टच्या डोक्याखाली उष्णतारोधक वॉशर आणि बोल्टभोवती त्याच साहित्याची बाही बसवल्याखेरीज स्पेसरचा पुरा लाभ मिळत नाही. स्टेनलेस स्टीलचे बोल्ट साध्या पोलादाच्या एकतृतीयांश उष्णता नेतात, मात्र ते ॲल्युमिनियमच्या आट्यांमध्ये जाम होतात, म्हणून जाम होऊ न देणारे अँटीसीझ ग्रीस लावून आणि ठरलेल्या टॉर्कवरच आवळावेत. स्पेसरमुळे मॅनिफोल्ड वर उचलला जातो, त्यामुळे बॉनेट, इंजेक्टरचा पाइप आणि ब्रॅकेट यांना जागा पुरते का, हे आधी मोजून घ्यावे.

पाइपच बदलायचा असेल तर एक पथ्य पाळावे. हवेचे प्रमाण मोजणारा एमएएफ सेन्सर पाइपमध्ये बसलेला असेल तर त्या ठिकाणचा व्यास एक मिलिमीटरही बदलू नये. व्यास वाढला की सेन्सरजवळचा वेग घटतो, संगणक हवा कमी आहे असे समजतो आणि इंधन कमी सोडतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीच्या मूळ रचनेतील बदलांवर मर्यादा घातल्या आहेत, आणि वॉरंटीत असलेल्या गाडीचा दावा अशा बदलामुळे नाकारला जाऊ शकतो.

टर्बोच्या गाड्यांचे वेगळे गणित

टर्बोमध्ये ४० अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली आणि काँप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती सुमारे १३८ अंशांना बाहेर पडते. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या, म्हणजे ही तापलेली हवा निववणाऱ्या रेडिएटरपर्यंतच्या, पाइपमधील हवा बॉनेटखालच्या हवेपेक्षा गरम असते, म्हणजे उष्णता आतून बाहेर जात असते. या पाइपवर आवरण चढवणे म्हणजे इंटरकूलरचे काम वाढवणे होय. हा पाइप उघडा आणि काळा असलेलाच बरा. इंटरकूलर ओलांडल्यावर हवा पुन्हा थंड असते आणि तिथून पुढे ढाल व आवरणाचे वर सांगितलेले नियम लागू होतात.

गरम बाजूच्या होजमध्ये वाहकतेपेक्षा टिकाऊपणा पाहावा. ईपीडीएम सुमारे १२० अंशांपुढे लवकर कडक होते. कापडाचे थर असलेले सिलिकॉन १८० अंशांपर्यंत टिकते, परंतु टर्बोमधून हवेसोबत येणाऱ्या ऑइलने साधे सिलिकॉन मऊ पडते आणि फुगते, म्हणून आतून फ्लोरोसिलिकॉनचे अस्तर असलेला होजच मागावा.

सहावी पायरी: पुन्हा मोजणे

एका वेळी एकच बदल करावा आणि दुसऱ्या पायरीतील तिन्ही नोंदी त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, एसी त्याच सेटिंगवर ठेवून पुन्हा घ्याव्यात. तुलना बाहेरच्या हवेपेक्षा असलेल्या फरकाचीच करावी. सेन्सरच्या आणि परिस्थितीच्या चढउतारामुळे दोन अंशांपर्यंतचा बदल निर्णायक धरता येत नाही. तेवढाच बदल दिसला तर आणखी एका दिवशी मोजावे आणि तरीही तो तेवढाच राहिला तर त्या बदलाने काही साधले नाही असे मानून मूळ भाग परत बसवावा. ओबीडी जोडलेलेच असल्याने इंधनाच्या शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म ट्रिमचे, म्हणजे संगणक इंधनात करत असलेल्या दुरुस्तीचे, आकडेही याच वेळी पाहावेत. बदलानंतर ते +१० टक्क्यांच्या पुढे गेले असतील तर कुठल्यातरी सांध्यातून न मोजलेली हवा आत येते आहे किंवा एमएएफजवळचा व्यास बदलला आहे. अशा वेळी तापमानाचा विचार बाजूला ठेवून आधी क्लॅम्प आवळावेत आणि सर्व गॅस्केट तपासावीत.